शीतदग्ध आणि अभिघात : गिर्यारोहणातील स्निग्ध-उष्ण उपचारांचा काल व क्रम

काही वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. २६ वर्षांचा एक तरुण मित्राच्या खांद्याचा आधार घेत, उजवा पाय अधर धरून चिकित्सालयात आला. मनालीजवळील फ्रेंडशिप या सुमारे ५,३०० मीटर उंचीच्या शिखरावरून उतरून त्यास पाच दिवस झाले होते. पायाचा अंगठा व लगतची दोन बोटे अग्रभागी काळीनिळी पडली होती. त्यामागे रक्तमिश्रित द्रवाने भरलेले स्फोट होते. घोट्यास सूज व नीलिमा होती. याखेरीज तळव्यावर एक स्वतंत्र व्रण होता. तो शीताने झालेला नव्हता, तो सरळ सरळ भाजल्याचा होता.

वृत्तांत असा. उतरताना घोटा मुरगळला. सोबत्यांनी तत्परतेने क्रेप बँडेज घट्ट गुंडाळले, त्यावर मोजा व बूट कसाबसा चढवला आणि नाडी ओढून बांधली. लंगडत, मध्येमध्ये बर्फावर बसत उतरण्यात चार-पाच तास गेले. तळावर बूट काढला तेव्हा बोटे पांढरी व लाकडासारखी झाली होती. वेदना मात्र काहीच नव्हती, त्यामुळे सर्वांस हायसे वाटले. मग दोघांनी तेल कोमट करून अर्धा तास पाय चोळला व नंतर तो स्टोव्हजवळ धरला. बोटे लाल झाली, असह्य ठणका सुरू झाला. त्या रात्री तंबूत पाय पुन्हा बधिर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायावर रुग्ण सहा तास चालला.

तेल कोणते, असे मी विचारले. त्याने पिशवीतून बाटली काढली. महानारायण तेलाची ती बाटली माझ्याच चिकित्सालयातून गेलेली होती. प्रवासास निघण्यापूर्वी तो गुडघेदुखीसाठी आला होता. त्या वेळी तेल देऊन, तो उठता उठता, 'थंडीने पाय बधिर झाले तर हेच कोमट करून चोळा' असेही मी सांगितले होते. कोणी शास्त्राधार विचारला असता तर तोही मी दिला असता.

त्या शास्त्राधाराचा पुनर्विचार हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सह्याद्रीत गडकिल्ले पालथे घालणारी आपली तरुण मंडळी आता मोठ्या संख्येने हिमालयात जातात. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले, त्यानंतर तर हा ओघ वाढलाच. निघण्यापूर्वी यांतील अनेक जण आपल्याकडे किंवा औषधी दुकानात येऊन 'थंडीसाठी काहीतरी द्या' म्हणतात. त्यांस काय द्यावे, यापेक्षा काय सांगू नये, हे आपण अधिक नेमके जाणले पाहिजे.

ग्रंथातील निर्देश

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या, म्हणजे अग्निकर्मविधि अध्यायात दग्धाचे विवेचन आहे. त्याच्या शेवटच्या भागात आचार्यांनी अग्नीखेरीज अन्य कारणांनी होणाऱ्या दाहाचाही उल्लेख केला आहे. उष्ण वारा व ऊन यांनी दग्ध झालेल्यास शीत उपचार करावेत आणि शीत, पर्जन्य व वारा यांनी दग्ध झालेल्यास स्निग्ध व उष्ण उपचार प्रशस्त होत, असा त्याचा आशय. अतिशीताचा परिणाम हाही एक प्रकारचा 'दाह'च आहे, हे इतक्या प्राचीन काळी नोंदवले गेले, ही गोष्ट अभिमानाची खरीच. आज ज्यास आपण हिमदंश अथवा फ्रॉस्टबाइट म्हणतो त्याची अवस्थाविभागणीही भाजण्याप्रमाणेच चार पायऱ्यांची केली जाते : केवळ पांढुरकेपणा व बधिरता, स्वच्छ द्रवाचे स्फोट, रक्तयुक्त स्फोट आणि अस्थीपर्यंत गेलेला नाश. प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध यांच्याशी या पायऱ्या तंतोतंत जुळवण्याचा मोह मात्र टाळावा. अग्निदग्धात ओष-चोषादी वेदना आरंभापासून असतात. गोठलेल्या अंगात त्या नसतात आणि घात होतो तो तेथेच. वेदना थांबणे हे तेथे सुधारल्याचे लक्षण नाही.

त्याच अध्यायात प्लुष्टाच्या चिकित्सेसंबंधी आणखी एक विधान आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. जल प्रकृतीने शीत असल्याने ते रक्ताचे स्कंदन करते, म्हणून तेथे उष्णानेच सुख होते, शीताने नव्हे, असे आचार्य सांगतात. हिमदंशाची आधुनिक संप्राप्ती या विधानाच्या आश्चर्यकारक रीतीने जवळ जाते. मांसादी धातूंचे तापमान शून्याच्या किंचित खाली, सुमारे उणे अर्ध्या अंशापर्यंत उतरले की त्यांतील द्रवाचे स्फटिक बनू लागतात. पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते व पेशी फुटतात. हा झाला नुकसानीचा पहिला भाग. दुसरा भाग अंग पुन्हा उबदार झाल्यावर सुरू होतो. इजा झालेल्या सूक्ष्म वाहिन्यांत थ्रॉम्बोक्सेनसारखी द्रव्ये निर्माण होतात, वाहिन्या आकुंचन पावतात, रक्त गोठून त्यांचे मार्ग बंद होतात. बोट काळे पडते ते बहुधा या दुसऱ्या भागामुळे.

तेव्हा 'उष्ण' हा निर्देश योग्यच आहे. प्रश्न आहे तो उष्ण कशाने, किती, केव्हा, आणि 'स्निग्ध' हा शब्द त्याच्या अगोदर वाचावयाचा की नंतर, हा. मी तो अगोदर वाचला आणि त्याचा अर्थ अभ्यंग असा केला. अभ्यंग म्हणजे मर्दन. ज्या धातूंत सुईसारखे हिमस्फटिक भरलेले आहेत त्यांचे मर्दन करणे म्हणजे काचेचा चुरा भरलेली पिशवी चोळण्यासारखे आहे. संहितेत या ठिकाणी मर्दनाची आज्ञा नाही. ती आपल्या सवयीने तेथे आणली.

अन्नपूर्णा, १९५०

हीच चूक पाश्चात्त्य जगानेही दीर्घकाळ केली, आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नेपाळातील अन्नपूर्णा शिखरावर घडले. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग व लुई लाशनाल हे दोन फ्रेंच गिर्यारोहक ८,०९१ मीटर उंचीच्या या शिखरावर पोहोचले. ८,००० मीटरहून उंच शिखरावर मानवाने पाऊल ठेवण्याची ही पहिली वेळ. प्राणवायूची नळकांडी नव्हती. पायांत चामड्याचे बूट होते. चढतानाच लाशनालचे पाय बधिर झाले होते व परत फिरावे की काय, असे त्याने सोबत्यास विचारलेही होते. हर्झोग एकटाच पुढे जाण्यास सिद्ध आहे, हे पाहून तो बरोबर गेला.

उतरताना हर्झोगने पाठपिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढले आणि ते उतारावरून घरंगळत नाहीसे झाले. पिशवीत पायमोज्यांचा जादा जोड होता. तो हातांत घालावा, हे त्यास सुचले नाही. उंचीवरील विरळ हवा व शीत यांनी बुद्धीला आलेल्या मांद्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. प्रज्ञापराध हा शब्द आपण नेहमी नैतिक अर्थाने वापरतो. येथे तो निव्वळ शारीर अर्थाने लागू पडतो.

वरच्या तळावर लिओनेल तेरे व गास्तों रेब्युफा या सोबत्यांनी गोठलेल्या हातापायांचे रात्रभर मर्दन केले, दोराच्या टोकांनी त्यांवर फटके मारले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते उत्तम उपचार करीत होते. रक्त खेळू लागले, वेदना परत आल्या. दुसऱ्या दिवशी वादळात चौघेही वाट चुकले आणि ती रात्र त्यांनी हिमभेगेत काढली. सकाळी घसरून आलेल्या भुसभुशीत हिमाने त्यांचे काढून ठेवलेले बूट गाडले गेले. म्हणजे आधी गोठले, मग मर्दनाने वितळले, आणि पुन्हा गोठले. हिमदंशात यापेक्षा वाईट क्रम नाही. खाली आल्यावर डॉ. जाक उदो यांनी रक्तवाहिन्यांत नोव्होकेनच्या सुया दिल्या, त्यांच्या परीने शर्थ केली. परंतु पावसाळ्यात हमालांच्या पाठीवरून चाललेल्या परतीच्या प्रवासात एकेक बोट काढावे लागले. अखेरीस हर्झोगची पायाची सर्व व हाताची बहुतेक बोटे गेली, लाशनालच्या पायाची सर्व बोटे गेली. लाशनाल व्यवसायाने पर्वतवाटाड्या होता. पायाची बोटे हे त्याच्या उपजीविकेचे साधन होते.

मर्दनाची ही समजूत कोठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. १८१२ साली नेपोलियनच्या सैन्याने मॉस्कोहून माघार घेतली तेव्हा त्याचा शल्यचिकित्सक लारे याने पाहिले की रात्री शेकोटीशी पाय शेकणारे सैनिक दिवसा पुन्हा चालतात आणि त्यांचे पाय सडतात. निरीक्षण अचूक होते. पण त्यावरून ऊब वाईट, म्हणून बर्फाने हळूहळू चोळावे, असा निष्कर्ष निघाला व तो शतकाहून अधिक काळ पाठ्यग्रंथांत राहिला. दोष उबेचा नव्हता. अति उष्णतेचा, आणि वितळून पुन्हा गोठण्याचा होता. १९६० च्या सुमारास अलास्कातील डॉ. विल्यम मिल्स यांनी कोमट पाण्यात जलद उष्णीकरणाची पद्धत रुग्णांवर वापरून मांडली, तेव्हा हे मत मागे पडले.

अवगाह : काल, मात्रा व निषेध

आजची मान्य पद्धत आपल्या परिभाषेत सांगावयाची तर ती एकांग अवगाह स्वेदाची आहे. पाण्याचे तापमान ३७ ते ३९ अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसेल तर उपचार करणाऱ्याने स्वतःचे कोपर अर्धा मिनिट बुडवून पाहावे, ते सुखोष्ण लागले पाहिजे. रुग्णाच्या हातापायास विचारू नये, त्यास संवेदना नसते. पाणी ढवळत ठेवावे, अंग भांड्याच्या कडेस टेकू देऊ नये आणि गरम पाणी वाढवताना अंग बाहेर काढावे. त्वचा मऊ व आरक्त होईपर्यंत, साधारण अर्धा तास, हा अवगाह चालतो. वेदना तीव्र होतात. वेदनाशामक आधी द्यावे लागते व त्यासाठी आयबुप्रोफेनची योजना केली जाते, कारण ते उपरोक्त स्कंदनप्रक्रियेसही विरोध करते. नंतर अंग हलकेच टिपून कोरडे करावे, बोटांमध्ये निर्जंतुक कापसाच्या पट्ट्या ठेवाव्यात, सैल व जाड वेष्टन करावे व अंग उंच ठेवावे.

शेकोटी, स्टोव्ह, गरम विटा, वाळूची पोटली, वाहनाचा हीटर हे सर्व वर्ज्य. बधिर त्वचेस किती भाजते ते कळत नाही. माझ्या रुग्णाच्या तळव्यावरील व्रण त्याचीच साक्ष होता.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर ते मुद्दाम वितळवू नये. वादळात, वरच्या तळावर, अजून दोन दिवसांची वाट बाकी असताना अवगाह करणे चुकीचे आहे. गोठलेल्या पायावर माणूस सावकाश चालून खाली येऊ शकतो. वितळलेल्या पायावर चालू नये आणि तो पुन्हा गोठला तर तो वाचत नाही. आपोआप वितळत असेल तर वितळू द्यावा, पण मग त्यास सांभाळून, शक्यतो उचलून न्यावे. चिकित्सकाच्या हाताला हे पटत नाही. समोर पांढरा पडलेला पाय आणि आपण काहीच करावयाचे नाही! तरी त्या क्षणी काहीच न करणे, वाऱ्यापासून झाकणे, कोरडा मोजा घालणे व उतरणे हीच चिकित्सा होय.

सर्वांग शीत : सर्वच स्वेद योग्य नव्हे

बोटांहून मोठा धोका अंतर्भागाच्या शैत्याचा. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्यास हायपोथर्मिया म्हणतात. प्रथम जोराचे कापरे भरते, बोलणे अडखळते, पाय अडखळतात, रुग्ण चिडचिडा वा उदासीन होतो. सुमारे ३२ अंशांखाली कापरे बहुधा थांबते. सोबत्यांस वाटते, बरे झाले. वस्तुतः शरीराने उष्णता निर्माण करणे सोडलेले असते. काही रुग्ण या अवस्थेत अंगावरचे कपडे काढून टाकतात. २८ अंशांच्या आसपास व त्याखाली हृदयाची लय इतकी नाजूक होते की रुग्णास धसमुसळेपणाने उचलले तरी ती बिघडू शकते.

येथे 'उष्ण' म्हणून आपण काय कराल? बाष्पस्वेद, उष्ण जलाचा सर्वांग अवगाह, हातपाय जोराने चोळणे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात अस्वेद्यांची गणना आहे, ती या संदर्भात पुन्हा वाचावी. श्रांत, तृषित, क्षुधित, नष्टसंज्ञ, दुर्बल, क्षत, मद्याने विकृत झालेला, ओज क्षीण झालेला. आचार्यांनी जणू थकून पडलेल्या गिर्यारोहकाचेच वर्णन केले आहे! असा रुग्ण तीव्र अग्निस्वेदास अपात्र होय. आधुनिक अनुभव तोच आहे : गंभीर शैत्यात एकाएकी सर्वांग उष्णता दिल्यास वा हातपाय चोळल्यास परिघातील वाहिन्या उघडतात, रक्तदाब कोसळतो, हातापायांतील थंड रक्त हृदयाकडे येते.

त्याच अध्यायात अग्नीविरहित स्वेदाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील उष्णसदन व गुरुप्रावरण, म्हणजे उबदार निवारा व जाड पांघरूण, हे दोन येथे उपयोगी पडतात. वाऱ्याआड न्यावे, ओले कपडे कापून काढावेत, अंगाखाली चटई-पिशव्या-दोर जे असेल ते घालावे, कारण जमीन वाऱ्याइतकीच उष्णता ओढून घेते. डोके झाकावे. रुग्णास आडवेच ठेवावे. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत व छातीशी ठेवाव्यात, हातापायांशी नव्हे. शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल तर साखर घातलेले गरम पेय द्यावे. बेशुद्ध रुग्णाच्या मुखात काहीही घालू नये. हेमगर्भाची मात्रा उगाळून जिभेवर चाटवण्याची आपल्याकडे परंपरा आहे. ती येथे नको.

थंड, ताठ, नाडी न लागणाऱ्या रुग्णास लगेच मृत समजू नये. श्वास व नाडी पूर्ण एक मिनिट तपासावी. नॉर्वेमध्ये १९९९ साली बर्फाखालील पाण्यात अडकलेल्या एका स्त्रीचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते, ती रुग्णालयीन उपचारांनी जगली.

हेमंत ऋतुचर्येसंबंधी एक खुलासा करावासा वाटतो. बाहेरील शीताने अग्नी आत कोंडला जाऊन प्रबळ होतो व त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो रसधातूसच खातो, असे चरकाचार्य सांगतात. थंडीतील आहारासाठी हे सूत्र उत्तम आहे. परंतु साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. तेथे शीत असूनही भूक मंदावते, जडान्न पचत नाही. उंची हा हेतू ऋतुचर्येत गृहीत धरलेला नाही. म्हणून 'हेमंतात स्निग्ध, गुरू आहार' हे वाक्य तेथे जसेच्या तसे नेऊ नये. थोडे थोडे, वारंवार, गोड व द्रव, आणि तहान नसली तरी पाणी, असे सांगावे.

अभिघात व बंधन

शीतात झालेली इजा ही दोन रोगांची युती आहे. जखमी मनुष्य थांबतो, थांबला की उष्णता निर्माण होणे थांबते. रक्तस्राव व वेदना त्यात भर घालतात. म्हणून पर्वतावर अस्थिभग्नाची पहिली चिकित्सा निवारा ही आहे, अस्थी जुळवणे नंतर. काराकोरममधील ओग्र या ७,२८५ मीटर उंचीच्या शिखरावरून १३ जुलै १९७७ रोजी उतरताना डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाचे दोन्ही पाय घोट्यांच्या वर मोडले. ती रात्र उघड्यावर गेली. पुढे सोबत्यांच्या साहाय्याने, वादळात हिमगुहेत थांबत, तो सुमारे आठवडाभर गुडघ्यांवर रांगत खाली उतरला. उतरताना क्रिस बॉनिंग्टनच्या बरगड्याही मोडल्या. पुढे चालून वाट तुडवणारे दोघे धडधाकट सोबती, दोर व हिमगुहा यांनी हे प्राण वाचवले. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, स्कॉट कांचनगंगेवर चढला.

बंधनासंबंधी सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या भग्नचिकित्सेत जे सांगितले ते येथे जपून वापरावे लागते. शिथिल बंधनाने संधी स्थिर राहत नाही व गाढ बंधनाने शोथ, वेदना व पाक होतो, हे सूत्र सर्वत्र खरे आहे, बर्फात तर दुपटीने. पण बंधन बदलण्याची मुदत त्यांनी शीत ऋतूत सात दिवस, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवस अशी दिली आहे. ती शय्येवर झोपवलेल्या रुग्णाची आहे. हिमावर चालणाऱ्याचे बंधन दर तासा-दोन तासांनी पाहावे. नख दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो ते दोन्ही पायांवर तुलनेने तपासावे, कारण थंडीत निरोगी बाजूचाही रंग सावकाशच येतो. बोटांत मुंग्या, बधिरता किंवा पांढुरकेपणा आला की बंधन त्वरित सैल करावे. बूट घट्ट होत असेल तर आतील मोजा एक कमी करावा, पट्टी व मोजा एकावर एक कोंबू नयेत. माझ्या रुग्णाची तीन बोटे गोठली ती ज्या पायास पट्टी होती त्याच पायाची, डावा पाय त्याच बर्फात निर्दोष राहिला.

मुरगळलेल्या अंगावर बर्फ ठेवण्याची, तसेच भग्नावर शीत परिषेकाची आपली सवय पर्वतावर सोडून द्यावी. कुशेसाठी आचार्यांनी मधुक, उदुंबर, पलाश, अर्जुन, वंश आदींचे काष्ठ व साली सांगितल्या आहेत. बर्फात त्यांची जागा चालण्याची काठी व झोपण्याची फोमची चटई घेऊ शकते. चटई ऊबही देते. धातूची पट्टी मात्र उघड्या त्वचेस लागू देऊ नये.

औषधी दुकानातून काय जाते

औषधी दुकानदार बंधूंसाठी काही गोष्टी स्पष्ट लिहितो. आसवारिष्टांत सामान्यतः ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्य असते. औषधी मात्रेने त्याचा प्रश्न नाही. पण 'थंडीत ऊब येते' म्हणून द्राक्षासवाची बाटली तंबूत तोंडाला लावली जाते, हे मी ऐकले आहे. मद्याने त्वचेतील वाहिन्या उघडतात, ऊब भासते व शरीरातील उष्णता बाहेर जाते. हाच ग्राहक तंबाखूची पुडीही बाळगत असतो. तंबाखू वाहिन्या आकुंचित करते. दोन्ही सांगून सोडावयास लावावे.

त्रिभुवनकीर्तीसारखे वत्सनाभयुक्त कल्प सर्दी-तापासाठी हमखास मागितले जातात. वत्सनाभाचा हृदयाच्या लयीवर परिणाम होतो व अतिशीताने ती लय आधीच नाजूक असते. तेव्हा वैद्याच्या सल्ल्यावाचून, वरच्या तळावर स्वतःच घेण्यासाठी हे देऊ नये. शुंठी, तुळस, गूळ यांचा साधा काढा द्यावा. कापूर-पुदिनासत्त्वाचे बाम गरम असल्याचा भास निर्माण करतात, उष्णता देत नाहीत. बधिर बोटांवर त्यांचा उपयोग शून्य, तोटा मात्र आहे, कारण बधिरता झाकली जाते.

चेहऱ्यास मोहरीचे तेल वा तूप चोपडून बर्फात जाण्याचा सल्ला आपल्यापैकी बरेच जण देतात. फिनलंडमध्ये सैनिकांवर झालेल्या अभ्यासांत अशा स्निग्ध मलमांनी हिमदंशापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही, उलट ती लावणाऱ्यांत चेहऱ्याच्या हिमदंशाचे प्रमाण अधिक आढळले. उबदारपणाच्या भासाने झाकण्याकडे दुर्लक्ष होते, हे त्याचे संभाव्य कारण. ओठ व त्वचा फुटू नये म्हणून तळावर लावण्यास हरकत नाही. 'हे लावले की गोठणार नाही' असे म्हणू नये. शिलाजिताच्या डबीवर तर उंचीचा त्रास, थंडी, दम या सर्वांचा बंदोबस्त लिहिलेला असतो. रसायन म्हणून त्याचे स्थान आहे, परंतु ते हिमदंश अथवा उंचीवरील फुफ्फुस-मस्तिष्क शोथ टाळते असे सांगून विकणे म्हणजे ग्राहकास उतरावयाचे तेव्हा न उतरण्यास कारण देणे होय.

उत्तरकालीन चिकित्सा

'स्निग्ध' हा शब्द येतो तो येथे, वितळल्यानंतर. आणि येथे आपल्या कुमारीस मानाचे स्थान आहे. स्फोटांतील द्रवात थ्रॉम्बोक्सेन आढळल्यावर त्यास विरोध करणारे बाह्य द्रव्य म्हणून कोरफडीच्या गराचा वापर सुरू झाला. अमेरिकेतील विल्डरनेस मेडिकल सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याचा अंतर्भाव आहे. मर्दन न करता, पातळ थर, दर सहा तासांनी. निर्जंतुक जेल वापरावे. ताजे पान घेतल्यास पिवळा चीक पूर्ण गाळावा व फुटलेल्या स्फोटावर ते लावू नये. रक्तयुक्त स्फोट फोडू नयेत. दग्ध म्हणून शतधौत घृताकडे हात जातो. ते शीतवीर्य योजनेतील आहे आणि आचार्यांनी शीतदग्ध त्या वर्गातून मुद्दाम वेगळा काढला आहे, हे ध्यानात ठेवावे. धनुर्वाताची लस अवश्य द्यावी.

मात्र हे सर्व रुग्णालयाच्या बरोबरीने, त्याऐवजी नव्हे. २०११ साली फ्रान्समधील शामोनी येथून ४७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात केवळ आयलोप्रॉस्ट हे वाहिनीविस्फारक औषध शिरेवाटे दिलेल्या गटात कोणाचेही बोट काढावे लागले नाही. अन्नपूर्णेवरील लाशनाल याच शामोनीचा वाटाड्या होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र हिमदंशासाठी या औषधास मान्यता दिली. अशा उपचारांचा लाभ पहिल्या २४ तासांत सर्वाधिक व साधारण ७२ तासांपर्यंत असतो. म्हणजे मनाली, लेह वा काठमांडू येथे मोठ्या रुग्णालयात लगेच दाखवावयाचे, 'घरी जाऊन आपल्या वैद्यांना दाखवू' म्हणून रेल्वेत बसावयाचे नाही, हे निघतानाच रुग्णास सांगितले पाहिजे.

माझा रुग्ण रेल्वेतून आला होता. त्या दिवशी पाचवा दिवस असल्याने तो काळ उलटून गेला होता. मी त्यास त्याच दुपारी शल्यचिकित्सकांकडे पाठवले व तेल चोळण्याचा सल्ला कोणी दिला होता तेही चिठ्ठीत लिहिले. त्यांनी घाई केली नाही. मृत व जिवंत भागांतील सीमारेषा स्पष्ट होण्यास आठवड्यांमागून आठवडे लागतात व तोवर काळे बोट कोरडे ठेवून वाट पाहणे हाच मार्ग असतो. आठ आठवड्यांनी दोन बोटांची अग्रे काढण्यात आली, अंगठा वाचला. तळव्याचा दग्धव्रण शुद्ध झाल्यावर जात्यादी घृताने सहा आठवड्यांत भरून आला. त्वचा पूर्ण जुळल्यानंतर, संवेदना तपासून, पिंडरीपासून घोट्यापर्यंत हलका अभ्यंग सुरू केला. तेल तेच होते. पायाची बोटे अजूनही दहा-बारा अंशांच्या थंडीत पांढरी पडतात, मोज्याशिवाय भागत नाही. अंगठ्याच्या सांध्यात पुढे संधिवात होण्याची शक्यता असल्याने वर्षातून एकदा त्याची क्ष-किरण तपासणी करतो.